ती अजून कामाला येते म्हणे

माझी बायको मेली त्याला आठ महिने झाले. आमच्या मजल्यावरच्या बायका ‘देवाघरी गेल्या’ म्हणतात, सून ‘आई गेल्या’ म्हणते. मी मेली म्हणतो. त्यावरून सून एकदा रागावली. मी तिला सांगितलं, गेली म्हटलं की संध्याकाळी परत येईल असं वाटतं मला, मग दाराकडे बघत बसतो. मेली म्हटलं की बघत नाही. त्यानंतर ती मला त्यावरून कधी बोलली नाही.

तरी तिला शोधायला मी एका भुताच्या बंगल्यात रात्रभर बसलो. ते कसं झालं ते सांगतो.

आम्ही मालवणकडचे. लालबागला चाळीत जन्म गेला, आता चाळ पाडून टॉवर झालाय, त्यात आम्ही चौदाव्या मजल्यावर. आमच्यात एक रीत आहे. माणूस मेलं की त्या रात्री जमिनीवर तांदळाचं पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा आणि वर टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून बघायचं. पिठात काहीतरी उमटतं म्हणतात. पाखराचं पाऊल, गाईचा खूर, कधी तान्ह्या पोराचं पाऊल. जे उमटेल त्या जन्माला ते माणूस गेलं.

ती हॉस्पिटलात मेली, पण दिवा घरी तिच्या पलंगाशी लावला. चौदाव्या मजल्यावर टोपली कुठची? सुनेने कपड्यांची प्लास्टिकची बास्केट आणली, तीच घातली. सकाळी सगळे गोळा झाले, मुलाने बास्केट उचलली. पिठात काही नाही. चाळून टाकलं होतं तसंच सपाट.

आमच्या चाळीतली एक म्हातारी आता तिसऱ्या मजल्यावर असते. ती वाकून बघून म्हणाली, "काय एक उमटला नाय. म्हणजे ती अजून खंय गेली नाय. तिचो जीव अडकलोहा कशात तरी."

मुलगा म्हणाला, "मावशी, एसी चालू होता रात्रभर."

"एसीचा काय?" म्हातारी म्हणाली. "एसी मरणाक अडवता?"

सगळे हसले. मीही हसलो असेन. पण कशात अडकला असेल तिचा जीव, हे तेव्हापासून डोक्यात राहिलं. सोनं-नाणं नव्हतं तिच्याकडे अडकायला. नातू कॉलेजात जातो. मग कशात?

आठवा महिना सरता सरता मला त्याचं उत्तर आमच्या गाववाल्याने दिलं. तो मिलमध्ये साचेखात्यात मागावर होता, मी बॉयलरखात्यात. आता सत्तरी ओलांडून तो परळ गावातल्या एका बंगल्यावर वॉचमन आहे. मी त्याला म्हणतो, तुला चोरांना खुर्ची द्यायला ठेवलाय. तर तो एकदा चहाच्या टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "एक सांगतंय. हसां नको. आणि मारू पण नको."

"बोल."

"तुझी बायल अजून कामाक येता."

मी खरंच हात उगारला होता.

"ऐक तरी मेल्या! बंगल्याची किल्ली माझ्याकडे. आत उंदीर सोडल्यास कोण नाय. तरी पहाटे साडेपाचाक मागच्या स्वयंपाकघरात भांडी वाजतत. रोज. साडेपाचाक, रे. तिचोच टाइम तो."

आता हा बंगला सांगायला हवा. दगडी जोत्याचा, दोन मजली, वर लाकडी सज्जा, खिडक्यांना रंगीत काचा. जुन्या शेठ लोकांचा. कधीतरी त्यांच्या धाकट्या सुनेने मागच्या विहिरीत उडी घेतली होती, ती जिन्यावर पैंजण वाजवत फिरते, असं अख्ख्या परळला माहीत. विहीर बुजवली, सून काही बुजली नाही. शेवटी शेवटी तिथे एकटी म्हातारी शेठाणी राहायची, आणि तिच्याकडे माझी बायको कामाला होती.

मिल बंद पडली तेव्हा मी घरी बसलो. कोणाला खोटं वाटेल, पण दोन वर्षं बसलो. नाक्यावर कॅरम खेळायचो. ती एक दिवस काही न बोलता पदर खोचून त्या बंगल्यावर गेली आणि भांडी घासायचं काम धरलं. पुढे स्वयंपाकही तिच्याकडे आला, शेठाणीचं ताट जिना चढून वर न्यायचं. नंतर मला नळाची कामं मिळायला लागली, मुलगा हाताशी आला, तरी तिचं काम चालूच राहिलं. पहाटे निघायची, दुपारी दोनला परत. मी त्या बंगल्याचा उंबरा कधी ओलांडला नाही. बायको दुसऱ्याच्या घरी खरकटी काढते ते मला बघायचं नव्हतं. कधी तिला आणायला गेलो तरी फाटकाबाहेर, पलीकडच्या फुटपाथवर. ती हात हलवत यायची. मी हात हलवायचो नाही. तेवढाच काय तो माझा ताठा.

आणि एक गोष्ट आहे, ती मी मुलालासुद्धा सांगितलेली नाही. मरायच्या आधी वर्षभर तिचे गुडघे गेले होते. एका रात्री तेल चोळता चोळता म्हणाली, "अवो, आता सोडू काय काम? जिनो चढवत नाय माका."

मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हटलं, "तुझा तू बघ."

तिने बघितलं. जात राहिली. मी ‘सोड’ म्हणेन म्हणून थांबली होती, हे मला ती मेल्यावर कळलं. आणि आता हा मला सांगतोय की ती अजून जाते.

आधी मला राग आला, तोही तिचाच. चौदाव्या मजल्यावर मी एकटा पडलोय, माझ्याकडे यायचं सोडून ही मेल्यावरसुद्धा कामावर? मग रात्रभर त्या सपाट पिठाचं मनात येत राहिलं. सकाळी उठून मी गाववाल्याकडे गेलो. म्हटलं, "मला आत सोड. तिला सांगायचंय, येऊ नको म्हणून."

"मी रात्रीचो आत येऊचंय नाय," तो म्हणाला. "पण शनिवारी ती भुतावळवाली येतली. त्यांच्यावांगडा बस."

माझी बायको मेल्यावर लगेच शेठाणीला तिचा भाचा पुण्याला घेऊन गेला होता. बंगला विकायला काढलेला. या भाच्याने भुतं शोधणाऱ्यांना एका रात्रीची परवानगी दिली होती. ही माणसं असल्या जागी रात्र काढतात आणि मोबाईलवर लोकांना दाखवतात. त्यांना घराची माहिती असलेलं कोणी हवं होतं. माझं नाव गाववाल्याने सुचवलं. यांच्या बायकोने तीस वर्षं इथे काम केलंय, यांना कोपरान् कोपरा ठाऊक आहे, असं सांगून मोकळा झाला.

दोघं होते. एक मुलगी तिशीची, केस बारीक कापलेले, खांद्याला यंत्रांची पिशवी. दुसरा कॅमेरावाला, चाळिशीचा, धिप्पाड. त्याच्या काळ्या बनियनवर कवटी आणि गळ्यात दत्ताचं लॉकेट. खिशात लिंबू होतं तेही नंतर दिसलं.

दिवाणखान्यात मला खुर्चीवर बसवलं. मुलगी म्हणाली, "आजोबा, या घरात तुम्हाला काय काय अनुभव आले?"

"मी आत आजच आलोय."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली केला. "वॉचमन तर म्हणाला कोपरा नि कोपरा..."

"वॉचमनचा बाप पण थापाडा होता."

मुलगी हसली. चांगली हसायची. म्हणाली, "मग तुम्ही का आलात?"

"काम आहे," मी म्हटलं.

मग तिने काळोखाकडे तोंड करून इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. मग हिंदीत. कोणी आहे का, असाल तर खूण द्या, वगैरे. मला राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, असं नसतं गं विचारायचं. दुसऱ्याच्या घरात आलीस, आधी जागेवाल्याला सांगायला हवं."

आमच्यात गाऱ्हाणं घालतात. काम कुठलंही असो, आधी हात जोडून त्या जागेच्या देवाला, राखणदाराला मोठ्याने सांगायचं, आम्ही का आलो, चूकभूल सांभाळून घे. बाकीचे मागे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मी उभा राहिलो, टोपी काढली. "बा देवा म्हाराजा, ह्या जागेचो जो कोण मालक आसात, राखणदार आसात, त्येका सांगणा करतंय. ही पोरा आज हय रात्र काढूक इलीहत. तेंका त्रास करू नको, आणि तेंच्यामुळे तुका त्रास झालो तर माफ कर."

"होय म्हाराजा!" मागून जोरात आवाज आला. कॅमेरावाला. डोळे मिटून, हात जोडून. त्याची आई कणकवलीची निघाली.

"आणखी कोणासाठी बोलायचंय का?" मुलीने विचारलं. मी नाही म्हटलं. पुढचं मला सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं.

मुलीने आपली यंत्रं मांडली. जिन्याशी एक, त्याच्यावर हिरवे-लाल दिवे. सज्जात एक, आवाज पकडणारं. मग पिशवीतून तिने एक पुडा आणि चहाची गाळणी काढली.

"हे काय?"

"मैदा. पायऱ्यांवर आणि दारात भुरभुरायचा. कोणी चाललं तर पाऊल उमटतं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "हे कोणी शिकवलं तुला?"

"परदेशातले लोक करतात असं."

"माझी आजी करायची," मी म्हटलं. "आमच्या घरी आठ महिन्यांपूर्वी केलं." मग सांगितलंच तिला सगळं. बास्केट, सपाट पीठ, साडेपाचचा आवाज. थोडक्यात सांगितलं. ती गाळणी हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "स्वयंपाकघर कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

शोधायला लागलं. तीस वर्षं तिने ज्या दारातून ये-जा केली ते मला शोधावं लागलं. जिन्याखालून एक बोळ, मग दोन पायऱ्या खाली, मग ते. आमच्या चाळीतल्या खोलीच्या तिप्पट असेल. कडाप्प्याचा लांब ओटा, त्याला लागून मोरी, वर लाकडी फळ्या. मुलीने बॅटरी फिरवली. फळीखाली नळाच्या पाईपाजवळ खिळ्यांच्या पट्टीला पितळेची झाकणं ओळीने टांगलेली, मोठ्यापासून लहानापर्यंत. ते तिचंच काम. घरीही तिने डबे असेच लावले होते, शाळेत पोरांना उंचीप्रमाणे उभं करतात तसे.

मग बॅटरी दाराच्या मागे गेली आणि मी म्हटलं, "थांब. तिथेच धर."

भिंतीवर, जमिनीपासून दीड-दोन हातांवर, एक काळपट गोल डाग होता. बशीएवढा. तेलाचा.

आमच्या चाळीतल्या भिंतीला असाच होता. जेवण झालं की ती भिंतीला टेकून बसायची, डोक्याला खोबरेल चोपडलेलं असायचं. दिवाळीला रंग काढला की मी तिच्यावर ओरडायचो, डाग परत वर येतो म्हणून. रंगाखालून दरवर्षी यायचा. चाळ पडली तेव्हा तो डाग गेला, आणि टॉवरच्या भिंतीला टेकायला ती बिचकायची.

तो इथे होता. चांगला पोसलेला, तीस वर्षांचा. म्हणजे तिला इथे घटकाभर टेकायला मिळत होतं. दाराच्या आड, वारा येतो तिथे. मला इतकी वर्षं वाटायचं की ती इथे नुसती राबते. टेकून बसल्यावर तिच्या मनात काय येत असेल? मी मनात यायचो का? असल्या गोष्टी तिला कधी विचारल्या नाहीत. मी तिथे खाली बसलो. उठता येणार नाही हे माहीत असून बसलो. डोकं डागाला लावलं नाही, बाजूला लावलं. जागा तिची होती.

मुलीने बॅटरी विझवली आणि दारातून बाहेर गेली. शहाणी पोर.

मग रात्रीचं काय सांगायचं? भूतबीत काही नाही. जिन्यावरच्या यंत्राचे दिवे लागले तेव्हा कॅमेरावाला दत्ताचं लॉकेट तोंडात धरून बसला, ती एक मांजर निघाली. मग तो झोपला आणि इतका घोरायला लागला की पैंजणवाली आली असती तरी परत गेली असती. मुलगी आणि मी स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात सतरंजीवर बसलो. दारात तिने मैदा भुरभुरला होता. मी तिला दाखवलं, गाळणी हलवायची नाही, खाली वाकून बोटाने टिचकी मारायची, मग थर सारखा पडतो.

मी विचारलं, "इतक्या रात्री काढल्यास, दिसलं का कधी काही?"

"नाही."

"मग कशाला करतेस?"

"लोक बघतात. आणि मला घरी झोप लागत नाही." मग म्हणाली, "तुम्हाला काय हवंय आजोबा? ती सापडायला हवी की नको?"

नको होती, कारण सापडली तर ती अजून भांडी घासतेय. आणि हवीच होती. आठ महिन्यांत तिचा आवाज माझ्या डोक्यातून पुसट होत चालला होता. मेलीने एकदा हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी मुलीला म्हटलं, "चहा आणलायस का?" तिने थर्मास काढला.

पहाटे माझा डोळा लागला असेल. टण् असा आवाज झाला तसा मी जागा झालो.

मग पुन्हा. मग दोन-तीन एकदम. कोणीतरी घाईत झाकणं काढतंय असे. उशीर झाल्यावर ती काढायची तसे. मुलीने माझा दंड धरला. दिवाणखान्यातून कॅमेरावाला धडपडत आला, लिंबू मुठीत, "आलं, आलं" करत.

मी उठलो. कसा उठलो ठाऊक नाही, एरवी मला दोन माणसं लागतात. मुलगी म्हणाली, "आजोबा, पीठ..." पण माझा पाय पडला होता पिठात. मी तसाच आत गेलो. काळोख होता आणि झाकणं वाजत होती. अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही. लग्नानंतर गावाहून ती पहिल्यांदा मुंबईला आली, बोटीच्या धक्क्यावर मी उभा होतो, तेव्हा असं झालं होतं.

"गो," मी म्हटलं.

वाजतच होती.

गाऱ्हाणं घालायला गेलो, शब्द आले नाहीत. नुसतंच बोललो. "गो, पुरे आता. सोड काम. मी सांगतंय, सोड. तेव्हाच सांगूक व्हया हुता, पेपरात तोंड घालून बसलंय मी. तुझे गुडघे दुखतत. कशाक येतंस? शेठाणी पण गेली पुण्याक. हय कोण नाय खाऊक. तू जा गो. माझा मी बघतंय."

काळोखात भिंतीचा आधार शोधला. हात पाईपावर पडला.

आता मी बॉयलरखात्यातला माणूस. बाराशे पाईप मी हाताने तपासले असतील. मला कळायच्या आधी हाताला कळलं. पाईप थडथडत होता. पालिकेचं पाणी सुटलं की आधी नळातली हवा पुढे येते आणि पाईप हादरतो. याची भिंतीतली क्लिप निघाली होती. पाईप पट्टीला धडकत होता आणि पट्टीवरची झाकणं वाजत होती. ती असतानाही वाजत असणार. तिच्या भांड्यांच्या आवाजात ते वेगळं कोणाला कळणार?

मी पाईप दोन्ही हातांनी घट्ट धरला. झाकणं थांबली. सोडला. वाजायला लागली. परत धरला. सोडला. धरला की ती जायची, सोडला की यायची. असं मी किती वेळा केलं ते सांगत नाही. लाज वाटते.

"आजोबा?" मुलगी दारातून हळू आवाजात म्हणाली. "कोण आहे?"

खोटं बोललो असतो तर तिघांचंही भलं झालं असतं.

"पाणी आलंय," मी म्हटलं.

तिने बॅटरी लावली. माझ्याकडे बघितलं, पाईपाकडे बघितलं आणि समजली. कॅमेरावाला मागून डोकावून म्हणाला, "असू दे ना काका. आवाज एक नंबर आलाय. लोकांना काय कळतंय नळ का भूत. फक्त तो पाईप दाखवू नका."

एवढ्यात गाववाला फाटकावरून काठी आपटत आला. दिवस उजाडत होता म्हणून हिंमत झाली असेल. "काय झाला? दिसली?"

"नळाची क्लिप सुटलीय."

"हात मेल्या!" तो ओट्याला टेकला. "आठ महिने मी तोंडावर चादर घेऊन पडलंय. आणि तू प्लंबर, तुका पयलाच कळूक नको?"

"तू पाईप सांगितलास का? बायको सांगितलीस."

त्याने काठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "ऱ्हवांदे तसाच. तुका वाटलाच तर पहाटे येत जा. मी किल्ली देतंय."

त्याने ते माझ्याकडे न बघता म्हटलं. आणि मला मोह झाला. का नाही होणार? रोज साडेपाचला यायचं, दाराआड बसायचं, झाकणं वाजली की ऐकायचं. पाईप आहे हे माहीत असून ऐकायचं. बंगला विकेपर्यंत तरी मिळालं असतं.

पण मग तिलाही रोज यावं लागलं असतं. जिना चढायला.

मी झाकणं एकेक करून खाली काढली. धुळीने मेणचट झाली होती, काही हिरवी पडलेली. मोरीचा नळ सोडला, आधी लाल पाणी आलं, मग स्वच्छ. मुलीला म्हटलं, "राख मिळेल का बघ." राख कुठची? गाववाल्याने आपल्या खोलीतून साबणाची वडी आणि नारळाची शेंडी आणली. मी घासायला बसलो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. कशी घासतात ते बघितलेलं असतं, पण हाताला येत नाही. गाववाला डोक्यावर उभा राहून "कडा घास, कडा" करत होता. मी म्हटलं, "तू घरी घासतोस का कधी?" तर म्हणाला, "माझी बायल अजून जिती आसा." मग स्वतःच जीभ चावली आणि माझ्या शेजारी बसून विसळायला लागला.

सगळी झाकणं ओट्यावर पालथी घातली. ती दिवसाचं शेवटचं काम असंच करायची, पालथी घालायची आणि ओटा पुसायची. मुलीने ओटा पुसला. मी रुमाल चौघडी करून पाईप आणि भिंतीच्या मध्ये ठोकून बसवला. पाणी चालू होतं तरी पाईप गप्प.

निघताना मुलीने यंत्र दाखवलं. "आजोबा, तुम्ही आत जे बोललात ते यात आलंय. रात्री सज्जातून आणून दारात ठेवलं होतं. पुसू का?"

"तुला समजलं काय बोललो ते?"

"अर्धं."

"मग अर्धं ठेव," मी म्हटलं. "लोकांना दाखवू नको."

"नाही दाखवणार."

तिने मला टॅक्सी करून देते म्हटलं. मी नको म्हटलं. परळहून लालबागला चालत आलो, ती यायची त्याच रस्त्याने. तीन ठिकाणी बसावं लागलं. घरी मुलगा-सून जागे होते, रात्रभर कुठे होतात म्हणून मुलाने आवाज चढवला. मी सांगितलं, "तुझ्या आईच्या कामावर गेलो होतो." अंघोळ केली आणि दिवसभर काही झालंच नाही असा वागलो.

ती साडेचारला उठायची. ती मेल्यापासून मला साडेचारलाच जाग यायची, मग पलंगाच्या तिच्या बाजूला हात टाकून उजाडेपर्यंत पडून राहायचो.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा खोलीत ऊन आलं होतं आणि सून माझ्या नाकाशी बोट धरून वाकली होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला. दारात मुलगा दाढीचा साबण लावलेला, तसाच.

"मेलो नाही गं," मी म्हटलं. "झोपलो होतो."

"साडेसात वाजले बाबा!" ती म्हणाली आणि पलंगावर मटकन बसून रडायला लागली. तिच्या बाजूला बसली, माझ्या बायकोच्या. मी पाय आकसून तिला जागा करून दिली.